रिटचिंगसाठी ब्रशची सेटिंग्ज: हार्डनेस, फ्लो, स्पेसिंग आणि पेनचं प्रेशर

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. नवरीच्या चेहऱ्यावरचे डाग काढले की तिथे गुळगुळीत चट्टा उमटतो. मागचं दृश्य बदलण्यासाठी मास्क केला, म्हणजे फोटोचा नको तो भाग झाकला, की शालूच्या काठाभोवती धुरकट पट्टा राहतो. आणि नवा पेन टॅबलेट घेतला, पण पेन दाबलं काय, न दाबलं काय, रेघ सारखीच येते. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तुम्ही वापरता ते नेमके आकडे सांगा, मी तसेच लावून घेते.’

आकडे सांगतो. मी वीसएक वर्षं ठाण्यात, नौपाड्यात, जुने फोटो दुरुस्त करण्याचं आणि लग्नाच्या अल्बमच्या रिटचिंगचं काम करतोय, त्यामुळे आकडे हाताशी आहेत. पण ते तसेच लावले तर तुमचं काम बिघडेल. याचं कारण कळलं की तुमचे पहिले दोन प्रश्न सुटतात, म्हणून सुरुवात तिथून करतो.

फोटोशॉपमध्ये हार्डनेस, म्हणजे ब्रशच्या कडेचा कडकपणा, टक्क्यांत असतो आणि ते टक्के ब्रशच्या आकाराचे असतात. ८० टक्के हार्डनेस ठेवून ३० पिक्सेलचा ब्रश घेतला तर कडेची उतरण, म्हणजे पूर्ण रंगापासून शून्यापर्यंतचा पट्टा, ढोबळमानाने ३ पिक्सेलचा पडतो. हार्डनेस न बदलता ब्रश ३०० पिक्सेलचा केला की तोच पट्टा ३० पिक्सेलचा होतो. आकडा ८०च राहिला, कड मात्र दहापट पसरली. तुमच्या शालूभोवतीचं धुकं बहुतेक इथूनच आलंय. घाईत मोठा ब्रश घेऊन काठावरून फिरवला जातो, आणि पॅनेलमध्ये ८० दिसत असल्याने आपल्याला वाटतं की ब्रश कडकच आहे.

म्हणून आधी फोटोतली कड मोजा. २०० टक्के झूम करा आणि काठाच्या जरीपासून मागच्या पडद्याचा रंग पूर्ण लागेपर्यंत किती पिक्सेल जातात ते बघा. फोकसमधली कड साधारण २-३ पिक्सेलची निघते. ब्रशची उतरणही तेवढीच हवी. ती लहान ब्रश घेऊन साधा किंवा हार्डनेस ९५च्या पुढे नेऊन. मी लहान ब्रश घेतो, कारण हात जास्त ताब्यात राहतो.

आता खरी मेख. एकाच फोटोत सगळ्या कडा सारख्या नसतात. लेन्सचं अ‍ॅपर्चर उघडं ठेवून काढलेल्या फोटोत नवरीच्या अलीकडच्या खांद्याची कड २ पिक्सेलची असते आणि पलीकडच्या खांद्याची २० पिक्सेलची. शालू तोच, पदर तोच. सगळीकडे एकच हार्डनेस वापरला तर एका बाजूला धुकं राहतं किंवा दुसऱ्या बाजूला कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. कडेवरून पुढे जाताना हार्डनेस बदलत जावं लागतं. त्यासाठी पॅनेल उघडत बसू नका. चौकटी कंसाच्या दोन कळांनी ब्रश लहान-मोठा होतो. शिफ्ट धरून त्याच कळा दाबल्या की हार्डनेस २५ टक्क्यांच्या पायरीने बदलतो. त्याहून बारीक ताबा हवा असेल तर विंडोजवर ऑल्ट धरून माउसचं उजवं बटण दाबून ओढा: आडवं ओढलं की आकार बदलतो, उभं ओढलं की हार्डनेस. मॅकवर कंट्रोल आणि ऑप्शन धरून ओढायचं. ही एक सवय हाताला लागली की अर्धा अल्बम लवकर हातावेगळा होतो.

कर्सरचीही एक फसवणूक आहे. प्रेफरन्सेसमध्ये कर्सर्सच्या पानावर ‘नॉर्मल ब्रश टिप’ निवडलेलं असेल तर मऊ ब्रशचं जे वर्तुळ दिसतं ते पूर्ण आकाराचं नसतं. ब्रशचा परिणाम जिथे जवळपास निम्मा होतो तिथे ते काढलेलं असतं, आणि वर्तुळाच्या बाहेरही रंग पडत असतो. तुम्ही वर्तुळ काठाला टेकवता आणि रंग पलीकडे जातो. मास्कचं काम करताना ‘फुल साइज ब्रश टिप’ लावा, म्हणजे जे दिसेल तेवढंच होईल. कधी अचानक वर्तुळ जाऊन नुसतं फुलीचं चिन्ह आलं तर कॅप्स लॉक चालू झालाय, दुसरं काही बिघडलेलं नाही.

मुंडावळ्या मात्र ब्रशने कापू नका. मोत्यांच्या त्या सरी, मधून दिसणारे केस आणि कपाळावर पडलेली त्यांची सावली हे सगळं ब्रशने सोडवायला बसलात तर संध्याकाळ होईल, आणि सावली गेली की मोती कपाळावर तरंगू लागतात. तिथे सिलेक्शनच्या साधनांनी काम करा आणि ब्रशने फक्त राहिलेल्या जागा भरा.

ओपॅसिटी आणि फ्लो या दोघांतला फरक अनेकांना वर्षानुवर्षं काम करूनही नीट कळलेला नसतो. रांगोळीवरून सांगतो, पाडव्याच्या शोभायात्रेसाठी ठाण्यात रस्तोरस्ती रांगोळ्या पडतात तेव्हा हे डोळ्यांसमोरच असतं. चिमटीतून एका वेळी किती पूड सुटते, तो फ्लो. हात त्याच जागेवरून पुन्हा फिरला की थर वाढतो. ओपॅसिटी म्हणजे त्या थरावर बांधलेली मर्यादा: पेन उचलेपर्यंत कितीही वेळा फिरवा, रंग त्यापलीकडे चढणार नाही. पेन उचलून पुन्हा टेकवलं की नवी मर्यादा सुरू होते आणि आधीच्या थरावर नवा थर बसतो. म्हणून २० टक्के ओपॅसिटीने तीन वेगळे फटकारे एकमेकांवर मारले तर ६० टक्के होत नाहीत, जवळपास ४९ होतात, कारण दर वेळी उरलेल्याच्या २० टक्के भरतात. आणि ते फटकारे जिथे अर्धवट एकमेकांवर चढतात तिथे पट्टे उमटतात. गालावर दिसणारे ते पट्टे कमी ओपॅसिटीचे असतात. ओपॅसिटी १०० ठेवून फ्लो कमी केला की पट्ट्यांच्या जागी हळूहळू भरत जाणारा रंग मिळतो.

इथे स्पेसिंग मध्ये येतं, आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ब्रशची रेघ ही खरी रेघ नसते, एकामागे एक पडलेले ठसे असतात. दोन ठशांतलं अंतर म्हणजे स्पेसिंग, तेही ब्रशच्या व्यासाच्या टक्क्यांत. फोटोशॉपच्या नेहमीच्या गोल ब्रशला ते २५ टक्के असतं, म्हणजे एका जागेवर साधारण ४ ठसे पडतात. फ्लो १० टक्के असेल तर रेघेच्या मधोमध ४ ठशांनी सुमारे ३४ टक्के रंग जमतो. स्पेसिंग १० टक्के केलंत तर त्याच जागी १० ठसे पडतात आणि रंग ६५ टक्क्यांपर्यंत जातो. ५ टक्के केलं तर २० ठसे, सुमारे ८८ टक्के. फ्लोचा आकडा तिन्ही वेळा १०च होता. हिशेब कडक ब्रशचा आणि ढोबळ आहे, मऊ ब्रशमध्ये कडेला कमी जमतो, पण मुद्दा हा की स्पेसिंग माहीत नसेल तर दुसऱ्याने सांगितलेला फ्लो काही कामाचा नाही. म्हणूनच शिकवण्यांच्या व्हिडिओतले आकडे लावूनही तुमचा ब्रश वेगळा वागतो.

मी चेहऱ्यावर उजेड-सावलीचं काम करताना स्पेसिंग १० टक्क्यांवर आणतो. कमी अंतराने रंग सलग बसतो. पण सरसकट १ टक्का करून ठेवू नका. २,००० पिक्सेलच्या ब्रशला १ टक्का स्पेसिंग दिलं की चांगलं मशीनही अडखळतं, आणि पेनमागे रेघ रांगत येते.

आणि कळांचा एक घोळ. आकड्यांच्या कळा दाबल्या की ओपॅसिटी बदलते, शिफ्ट धरून दाबल्या की फ्लो. पण वरच्या पट्टीतलं एअरब्रशचं बटण चुकून चालू राहिलं तर हे दोन्ही उलटं होतं. ‘मी ओपॅसिटी बदलतेय आणि भलतंच होतंय’ असं झालं की आधी ते बटण बघा.

आता डाग. चट्टा गुळगुळीत का दिसतो? कारण त्वचेला दाणा, म्हणजे बारीक खडबडीत पोत, असतो, फोटोलाही असतो, आणि मऊ ब्रश तो दाणा खातो. क्लोन स्टॅम्प, म्हणजे एका जागेचा तुकडा दुसरीकडे उमटवणारं साधन, मऊ कडेने वापरलं की कडेवर आधीचा दाणा आणि नवा दाणा निम्मा-निम्मा मिसळतो. दोन वेगळ्या दाण्यांची सरासरी झाली की त्यांचा चढउतार सुमारे ३० टक्क्यांनी मरतो. डोळ्याला ते ‘काहीतरी पुसलंय’ असं दिसतं. क्लोन ५० टक्के ओपॅसिटीने मारला तर सगळ्या ठशावर हेच होतं, नुसत्या कडेवर नाही. म्हणून क्लोनसाठी ओपॅसिटी १००, फ्लो १००, हार्डनेस ५० ते ७०, आणि ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा. डाग एका ठिपक्यात उचला, घासू नका.

हीलिंग ब्रशला याहून कडक कड द्या, ८० ते १००. कडेचा रंग जुळवण्याचं काम ते साधन स्वतःच करतं, त्याला आपल्या मऊपणाची गरज नसते. मऊ ब्रशच वापरायचा असेल तर मोड ‘रिप्लेस’ ठेवा, त्याने फटकाऱ्याच्या कडेला दाणा टिकून राहतो. नथीजवळ, केसांच्या रेषेजवळ, कुंकवाजवळ मात्र हीलिंग नको, ते शेजारचा गडद किंवा लाल रंग त्वचेत ओढून आणतं. तिथे क्लोन. आणि दोन्ही कामं रिकाम्या नव्या लेयरवर (मूळ फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर), सॅम्पल ‘करंट अँड बिलो’ ठेवून.

या रिकाम्या लेयरचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका बाई त्यांच्या आईचा जुना कृष्णधवल फोटो घेऊन आल्या. ओल लागून बुरशीचे ठिपके पडले होते, आपल्या पावसाळ्यात ट्रंकेतल्या फोटोंचं हे नेहमीचंच. मी दोन दिवस बसून एकेक ठिपका काढला. फोटो दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आईच्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?’ तीन ठिपके होते, बुरशीच्या ठिपक्यांएवढेच. मी तेही उचलले होते. काम वेगळ्या लेयरवर असल्याने त्यांच्यासमोर मिनिटभरात ते परत आणता आले, पण त्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून फोटो हातात आला की आधी घरच्यांना विचारतो: तीळ, गोंदण, व्रण, कुठे काय होतं? नवरीच्या बाबतीतही विचारा. आज आलेली पुटकुळी काढायची, जन्माचा तीळ ठेवायचा. हळदीच्या फोटोतला पिवळेपणा तर हातही लावू नये असा असतो.

डाग काढून झाल्यावरही चेहरा खडबडीत वाटतो, तो बहुतेक वेळा डागांमुळे नसतोच. तो बारीक उजेड-सावल्यांमुळे असतो. तिथे पुसायचं नाही, समतोल करायचा. मी हे ज्यांच्याकडून शिकलो ते काका कॅमेऱ्याच्या फिल्मच्या काळातले. प्रिंटवर धुळीने पांढरे ठिपके राहत, ते बारीक कुंचल्याने भरायचे. त्याला ते स्पॉटिंग म्हणत. रंग पाण्याने इतका पातळ करत की पहिल्या टेकवणीत काही दिसायचंच नाही. टेकवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा टेकवायचं. कधी रेघ ओढली नाही त्यांनी, ठिपकेच दिले. फोटोशॉपमध्ये डॉज-बर्न, म्हणजे जागोजाग उजळ-गडद करण्याचं काम, करताना मी तेच करतो: ५० टक्के करड्या रंगाचा लेयर ‘सॉफ्ट लाइट’ मोडवर, किंवा एक उजळ आणि एक गडद करणारा असे दोन कर्व्ह्ज लेयर आणि त्यांचे काळे मास्क. ब्रश पूर्ण मऊ, हार्डनेस ०, ओपॅसिटी १००, फ्लो १ ते ३. आकार त्या सावलीएवढाच. गालावरच्या ठिपक्याएवढ्या सावलीला ठिपक्याएवढा ब्रश, डोळ्याखालच्या काळोखाला तेवढा. मोठा ब्रश घेऊन सगळा गाल उजळलात तर चेहऱ्याचा घाट जातो, आणि घाट गेला की लोक म्हणतात प्लास्टिक झालं.

हे काम फार झूम करून करू नका. विंडो मेन्यूतल्या अरेंजमधून त्याच फोटोची दुसरी खिडकी उघडा, ती पूर्ण फोटो दिसेल एवढी ठेवा आणि नजर तिच्यावर ठेवून काम करा. २०० टक्क्यांवर दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी अल्बममध्ये कुणाला दिसणार नसतात.

इतका कमी फ्लो वापरायचा तर फाईल १६ बिटची करून घ्या. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, त्यामुळे १-२ टक्क्यांचा बारीक बदल पूर्णांकात बसवताना हरवतो आणि एका टप्प्यानंतर कितीही फिरवलं तरी रंग पुढे सरकत नाही. मास्कवर हे जास्त नडतं, कारण मास्कमध्ये काळं म्हणजे झाकलेलं. तुम्ही कमी फ्लोने काळं करत जाता, डोळ्याला काळं दिसतं, पण ते पूर्ण काळं झालेलं नसतं, आणि मागच्या दृश्याचं भूत शालूभोवती राहतं. ऑल्ट धरून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, नुसता मास्क पडद्यावर येईल, कुठे करडं राहिलंय ते लगेच कळेल. तिथे फ्लो १०० करून भरून टाका. तुमच्या धुरकट पट्ट्याचं दुसरं कारण हे असू शकतं, तेव्हा हेही आजच तपासा.

ब्रशचा आकार किती पिक्सेल ठेवायचा, हे सांगत नाही ते फोटोंचे आकार वेगवेगळे असतात म्हणून. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा असतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आला की कितीतरी लहान होतो. एकात ३० पिक्सेलची पुटकुळी, दुसऱ्यात जेमतेम काही पिक्सेलची. आणि १२ बाय ३६ इंचांचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलचं होतं. फोटो पानावर बसवण्याआधी रिटच करा, पानावर नको.

एकदा जमलेला ब्रश हरवू देऊ नका. २०१८च्या आवृत्तीपासून ब्रश प्रीसेट साठवताना ‘इन्क्लूड टूल सेटिंग्ज’ला खूण केली की ओपॅसिटी, फ्लोसकट सगळं साठतं. नावं आकड्यांची देऊ नका, कामाची द्या. माझ्याकडे ‘काठ’, ‘दाणा’, ‘गाल’, ‘केस’ अशी चार नावं आहेत आणि बहुतेक दिवस चारांतच जातात. ‘केस’ म्हणजे २-३ पिक्सेलचा कडक ब्रश, आकार पेनच्या प्रेशरवर. उडालेले केस काढल्यावर भांगाजवळ जी रिकामी जागा दिसते ती त्याने भरायची, रंग दर केसाला शेजारून वेगळा उचलून.

स्मूदिंग, म्हणजे रेघेतली हाताची थरथर काढणारं सेटिंग, तेही त्याच २०१८च्या आवृत्तीत आलं. सुलेखनाला, लांब वळणाच्या रेषेला १० ते २० छान लागतं. रिटचिंगला ० ठेवा, नाहीतर ठसा हातामागून येतो.

घरच्या मशीनवर फोटोशॉपऐवजी गिंप किंवा क्रिता असेल, दोन्ही मोफत आहेत, तरी हेच तत्त्व चालतं. गिंपमध्ये साधा पेंटब्रश ओपॅसिटीच्या मर्यादेत राहतो; ‘इन्क्रिमेंटल’ला खूण केली की ठशावर ठसा चढू लागतो. क्रितामध्ये ओपॅसिटी आणि फ्लो दोन्ही वेगळे आहेत, शिवाय ‘वॉश’ आणि ‘बिल्ड अप’ असे दोन प्रकार. गालाला वॉश ठेवून फ्लो कमी करा.

राहिला टॅबलेट. विंडोजवर फोटोशॉप पेनचं प्रेशर सहसा विंडोज इंक या विंडोजच्याच सोयीमार्फत घेतं. टॅबलेटच्या ड्रायव्हरच्या (टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पॅनेलमध्ये विंडोज इंकची खूण काढलेली असेल तर पेन चालतं, पण प्रेशर पोचत नाही. ती खूण लावा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. जुन्या टॅबलेटचा ड्रायव्हर मशीनवर राहिला असेल तर तो आधी काढून टाका, दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. मग एफ ५ दाबून ब्रश सेटिंग्ज उघडा. शेप डायनॅमिक्समध्ये आकाराच्या कंट्रोलला, ट्रान्सफरमध्ये ओपॅसिटी आणि फ्लोच्या कंट्रोलला ‘पेन प्रेशर’ निवडा. शेजारी त्रिकोणी इशारा दिसला तर फोटोशॉपला अजून पेन सापडलेलं नाही, म्हणजे दोष ड्रायव्हरमध्येच आहे, ब्रशमध्ये शोधू नका.

आणि प्रेशर मिळालं म्हणून सगळीकडे लावू नका. मास्कच्या कडेला आकार आणि ओपॅसिटी दोन्हींचं प्रेशर बंद ठेवा. वरच्या पट्टीत त्यासाठी दोन बटणं आहेत, ती चालू असली की ब्रशचं सेटिंग काहीही असो, त्यांचंच चालतं; बंद असली की ब्रशच्या सेटिंगचं चालतं, म्हणून मास्कच्या ब्रशमधूनही ‘पेन प्रेशर’ काढा. डॉज-बर्नला ओपॅसिटीचं चालू, आकाराचं बंद. केसांना आकाराचं चालू. ड्रायव्हरमध्ये पेनचा हलका-जड स्पर्श ठरवण्याची पट्टी असते, ती सुरुवातीला थोडी मऊ बाजूला ठेवा. नव्या हाताला जोर लावायची सवय असते, त्याने मनगट दुखतं आणि पेनचं टोकही लवकर झिजतं.

आज शालूचा एकच फोटो घ्या, अलीकडच्या खांद्यापासून पलीकडच्या खांद्यापर्यंत मास्कची कड पुन्हा करा, हार्डनेस कमीतकमी तीन वेळा बदलून. नंतर ऑल्ट-क्लिक करून मास्क बघा. करडं कुठे राहिलंय ते सांगा, पुढचं तिथून बघू.